कूट कोड्यांचा छंद

शब्दकोडे म्हणजे रिकामपणचा उद्योग, अशी समजूत आमच्या वर्धा जिल्ह्यातील पुष्कळ सुशिक्षित घरांतून अद्याप आढळते. साध्या कोड्यांपुरती ती खोटीही नाही. कमळास तीन अक्षरी प्रतिशब्द विचारला तर पंकज, सरोज, नीरज यांपैकी कोणता, हे उभ्या शब्दाचे अक्षर मिळाल्यावर आपोआप ठरते. बुद्धीस शीण म्हणून पडत नाही. कूट कोड्याची जात निराळी. त्यातील सूचना वरून एक बोलते आणि आतून दुसरेच सांगते. एका वाटेने अर्थ, दुसऱ्या वाटेने अक्षरांचा खेळ, आणि दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी मिळाल्या तरच उत्तर खरे.

२१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ पत्रात पहिले शब्दकोडे दिले, ते साधेच होते. त्यास वक्रोक्तीची जोड इंग्लंडात १९२० नंतर मिळाली. ‘ऑब्झर्व्हर’ पत्रात मॅथर्स नावाचे कवी ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने कोडी रचीत. स्पेनमधील छळवादी धर्माधिकाऱ्याचे नाव त्यांनी का घेतले, हे त्यांचे एक कोडे सोडवावयास बसलेल्यास विचारावे लागत नाही. आमच्यासारख्या संस्कृतावर वाढलेल्यांची अडचण आणखी एक. खलाशी म्हटले की ‘टार’, हे इंग्रज सूचनाकार गृहीतच धरतो. वर्ध्यात समुद्र कोठला!

मराठीत असे कोडे रचता येणारच नाही, असे आमच्या मंडळीतील एक निवृत्त अभियंते आग्रहाने सांगतात. आपल्या कोड्याच्या घरात काना-मात्रेसह पूर्ण अक्षर बसते, त्यामुळे ‘म’ आणि ‘मा’ यांची अदलाबदल होत नाही, हा त्यांचा मुद्दा. तो अर्धाच खरा आहे. अक्षरांची वाटेल तशी मोडतोड आपणांस करता येत नाही हे कबूल. पण उलटापालट येते. वाल्याच्या मुखी ‘मरा’चे ‘राम’ झाले, ही कथा मुळात कूटाचीच नव्हे काय? ‘साक्षरा’ उलट वाचले की ‘राक्षसा’ होते, हा जुन्या पंडितांचा आवडता विनोद. त्याच धर्तीवर आम्ही सूचना केली: ‘उलट वाहिली तर गरीब होते (२)’. उत्तर नदी, कारण उलटी नदी ‘दीन’. दुसरी: ‘वाघ रडला, त्याच्या पोटात निवारा (२)’. दोन्ही शब्द सलग वाचा, मध्ये ‘घर’ उभे आहे. तिसरी: ‘यात्रेकरूंना चार, आम्हांस मात्र पवनारजवळ वाहते ते एकच (२)’. हे धाम. अभियंते तिसऱ्या सूचनेवर हसले. मत मात्र त्यांनी बदललेले नाही.

या युक्त्या परकीय समजण्याचे कारण नाही. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत प्रहेलिका गणली आहे, आणि दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात तिचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पदांच्या संधीत अर्थ लपविते ती समागता. रूढ शब्द भलत्याच अर्थी योजून चकविते ती वंचिता. आमचा वाघ पहिलीच्या गोत्रातला, धाम दुसरीच्या. गर्दीतही जाणत्यांस गुप्तपणे बोलता यावे, हा प्रहेलिकेचा एक उपयोग दंडी देतो. १७६१ साली पानिपतची वार्ता पेशव्यांकडे आली ती मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत. गळालेली दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, हे उमगण्यास नानासाहेबांस कोश लागला नसेल.

शब्दकोडे म्हटले की कित्येक वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. एके काळी मोठ्या बक्षिसांच्या कोड्यांचे पीक आले होते. प्रवेशमूल्य भरावे, दोन सारख्याच बसणाऱ्या शब्दांतून एक निवडावा, आणि तो संपादकाच्या मोहोरबंद पाकिटातील शब्दाशी जुळावा म्हणून देव पाण्यात घालावे! १९५५ च्या कायद्याने महिन्यास एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांस बंदी केली. १९५७ साली चमारबागवाला यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याची स्पर्धा आणि दैवाचा जुगार यांत भेद केला. कूट कोडे निःसंशय पहिल्या बाजूचे. त्याचे पाकीट सूचनेतच उघडे असते.

शिवाय हा खेळ एकट्याचा नव्हे. जुने घरगुती शब्द आजीस ठाऊक, क्रिकेटचे नातवास. आणि आमच्या पाहण्यात असे आले आहे की, पोटात दडलेला शब्द प्रथम दिसतो तो नुकतेच वाचू लागलेल्या मुलास. ते अक्षरे पाहते. आम्ही पंडित वाघ का रडला याचा विचार करीत बसतो.

आता एक सूचना घरातील सर्वांनी मिळून सोडवावी: ‘पणती ठेवण्याजोगे वर्ध्याजवळचे गाव (३)’. उत्तर आम्ही येथे देत नाही.