पैसे खात्यातून गेले, हातात आलेच नाहीत : हरवलेल्या संदेशामागचे गणित

वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यांत हे दृश्य नवे नाही. निराधार योजनेचे नाहीतर मजुरीचे पैसे काढायला आजी ग्राहक सेवा केंद्रावर जाते. मशीनवर अंगठा ठेवते. केंद्रचालक म्हणतो, "आजी, नेटवर्क गेलं, परत अंगठा लावा." दुसऱ्यांदाही तेच. घरी आल्यावर नातवाच्या मोबाईलवर मेसेज येतो की खात्यातून पैसे वजा झाले. चालक सांगतो, मशीनने व्यवहार झाल्याचे दाखवलेच नाही. बँक सांगते, आमच्या नोंदीत व्यवहार पूर्ण आहे. आणि दोघेही खरे बोलत असू शकतात.

हे कसे घडते ते आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे, नाहीतर आपण नुसते चालकाशी भांडत बसतो. मशीन बँकेला संदेश पाठवते : एवढे रुपये वजा करा. बँक वजा करते आणि 'वजा केले' अशी पोच पाठवते. ती पोच वाटेत हरवते. मशीनला मात्र मागणी हरवली की पोच हरवली हे कळायला मार्गच नसतो. दोन्ही वेळा तिला एकच गोष्ट दिसते : उत्तर नाही. पुन्हा मागणी केली तर दोनदा पैसे कापले जाण्याची भीती, नाही केली तर आजी रिकाम्या हाताने घरी.

यावरचा मूळ उपाय जुना आहे. प्रत्येक मागणीला क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर बँकेने पैसे परत कापायचे नाहीत, फक्त पोच पुन्हा पाठवायची. 1969 साली इंग्लंडमधील बार्टलेट, स्कँटलबरी आणि विल्किन्सन या तिघांनी दाखवले की दोघांमध्ये एकामागून एक संदेश जात असतील, तर 0 आणि 1 हे दोनच क्रमांक आलटून पालटून वापरले तरी पुरतात.

पण अशी रचना प्रत्येक परिस्थितीत बरोबर चालेल हे कशावरून? दहा वेळा चालवून पाहिली म्हणून अकराव्या वेळी चालेलच असे नाही. गणिताने खात्री करायची तर सर्व शक्य परिस्थिती तपासाव्या लागतात. आणि त्या अनंत आहेत, कारण वाटेत अडकलेल्या संदेशांची रांग किती लांब होईल याला मर्यादा नाही. 1983 मध्ये ब्रँड आणि झाफिरोपुलो यांनी सिद्ध केले की एकही संदेश न हरवणारी, हवी तेवढी लांब रांग असेल, तर अशा सर्व रचनांना लागू पडेल अशी तपासणीची पद्धत असूच शकत नाही.

आता खरी नवलाची गोष्ट. संदेश हरवू शकतात असे मानले की तपासणी शक्य होते! स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे परोश अब्दुल्ला आणि बेंग्ट जॉनसन यांनी 1993 साली हे दाखवले. संदेश गळू शकत असतील, तर 'मागणी, मागणी, रद्द, पोच' ही रांग गळून 'मागणी, पोच' एवढीच उरू शकते. म्हणजे लहान रांगेतून घोटाळा होत असेल, तर ती लहान रांग पोटात असलेल्या प्रत्येक मोठ्या रांगेतूनही तो होईल. मग मोठ्या रांगा तपासायच्याच कशाला? 'दोनदा पैसे कापले' या वाईट अवस्थेपासून एकेक पाऊल मागे यायचे आणि प्रत्येक वेळी फक्त सर्वांत लहान घातक रांगा लिहून ठेवायच्या. हिगमन यांच्या 1952 च्या प्रमेयानुसार ही यादी कधीतरी संपतेच. सुरुवातीची अवस्था त्यात आली नाही, तर रचना त्या धोक्यापासून सुरक्षित आहे. (संपते म्हणजे लवकर संपते असे नाही. काही रचनांसाठी जगातले सगळे संगणक लावले तरी कमी पडतील.)

संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा विषय परदेशातलाच समजू नये. आयआयटी मुंबईच्या प्रा. एस. कृष्णा यांनी याच अब्दुल्लांसोबत प्रोग्रॅम-तपासणीवर शोधनिबंध लिहिले आहेत.

या पद्धतीला मर्यादा आहे, आणि आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची. 'वाईट घडणार नाही' हे तपासता येते. पण 'पुन्हा पुन्हा पाठवलेला संदेश कधीतरी पोचतोच, मग काम पुढे सरकत राहील ना?' या प्रश्नाचे उत्तर सर्व रचनांसाठी देणारी पद्धत नाही, हेही त्याच दोघांनी 1994 मध्ये सिद्ध केले. माझ्या मते इथे यंत्राचे काम थांबते आणि नियमाचे सुरू होते. 'कधीतरी' म्हणजे किती दिवस, हे माणसांनीच ठरवावे लागते.

रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात ते ठरवले आहे. आधारवर अंगठा लावून केलेल्या व्यवहारात खात्यातून रक्कम गेली आणि केंद्रावर पुष्टी आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ती परत जमा करण्याची कार्यवाही झाली पाहिजे. उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. एटीएमलाही हीच मुदत आहे. यूपीआयने दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे अडकले तर मुदत 1 दिवस.

म्हणून दुसऱ्यांदा अंगठा लावण्याआधी पहिल्या व्यवहाराची पावती मागा, 'अयशस्वी' लिहिलेली असली तरी. तारीख आणि व्यवहार क्रमांक घेऊन खाते असलेल्या बँकेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी फोन 14448. त्याला वकील लागत नाही, शुल्कही नाही.