कुंपणाआधी हद्द

1955 च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या आसपास नगर वाढत गेले. जिथे पूर्वी शेताचा बांध हीच हद्दीची खूण होती, तिथे भूखंडांच्या रेषा आल्या. बांध डोळ्यांना दिसतो; भूखंडाची रेषा मात्र नकाशावर असते. स्मृतिनगरसारख्या निवासी वसाहतीत कुंपण घालू इच्छिणाऱ्याने प्रथम हा भेद ध्यानात घेतला पाहिजे.

सामान्यतः माणूस शेजाऱ्याच्या भिंतीपासून फीत धरतो. हीच चूक होय. समजा, एका ओळीत 40 फूट रुंदीचे दहा भूखंड आहेत. पहिल्या नऊ जणांनी प्रत्येकी तीन इंच अधिक घेतले, तर दहाव्याच्या वाट्याचे 27 इंच, म्हणजे सव्वादोन फूट, नाहीसे होतात. त्याला कोणी एकाने लुबाडले, असे म्हणता येत नाही. तरीही त्याची जमीन गेलेली असते.

म्हणून मोजणी भिंतीपासून नव्हे, तर नकाशात दाखविलेल्या व प्रत्यक्ष जागेवर टिकून असलेल्या स्थिर खुणेपासून करावयाची असते. तत्पूर्वी खरेदीखतातील चतुःसीमा, वसाहतीचा मंजूर नकाशा आणि पटवाऱ्याकडील खसरा नकाशा एकमेकांशी ताडून पाहावेत. छत्तीसगढमध्ये 1959 च्या भूराजस्व संहितेनुसार सीमांकनासाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात हेच काम भूमी अभिलेख खाते करते व त्यास 'हद्द कायम मोजणी' म्हणतात. मोजणीच्या वेळी शेजारी उपस्थित असणे अगत्याचे आहे. कारण त्याच्यासमक्ष ठरलेली रेषा पुढे तो सहसा नाकारीत नाही.

हद्द निश्चित झाल्यावरही कुंपणाचा पाया आपल्याच बाजूस घ्यावा. भिंत रेषेवर उभी असली, तरी तिचा पाया अधिक रुंद असतो आणि जमिनीखाली तो शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतो.

चुकीचे कुंपण दीर्घकाळ निमूटपणे सोसणेही धोक्याचे असते. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे, प्रतिकूल कब्जा सुरू झाल्यापासून बारा वर्षांत मालकाने दावा न केल्यास जमीन परत मिळविण्याचा त्याचा हक्क नष्ट होऊ शकतो. कुंपण हद्द दाखविते, ठरवीत नाही; परंतु पुरेसा काळ लोटला, तर चुकीचे कुंपणही हद्द होऊन बसते.