अकस्मात धनलाभ आणि मनुष्यस्वभाव

लॉटरीच्या सोडतीत ज्याला मोठे बक्षीस लागले तो मनुष्य चार-पाच वर्षांत कफल्लक होतो, आप्तेष्ट त्याला लुबाडतात आणि अखेरीस तो पूर्वीपेक्षाही दुःखी होतो, ही समजूत लोकमानसात इतकी दृढमूल झाली आहे की तिची शहानिशा करण्याची आवश्यकताच कोणाला वाटत नाही. शेकडा ७० विजेते काही वर्षांतच दिवाळखोर होतात, असा एक आकडाही वर्षानुवर्षे छापला जात होता. परंतु त्यासाठी ज्या अमेरिकन संस्थेचा हवाला दिला जात असे, त्या ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर फायनान्शियल एज्युकेशन’ने २०१८ मध्ये खुलासा केला की या विधानाला आपल्या कोणत्याही संशोधनाचा आधार नाही. कष्टावाचून आलेले धन टिकू नये, अशी आपली नैतिक अपेक्षा असते आणि त्या अपेक्षेलाच आपण अनुभव समजून बसतो.

शास्त्रज्ञांना लॉटरीविषयी कुतूहल आहे ते निराळ्या कारणाने. श्रीमंत मनुष्य सुखी दिसला, तर त्याचे सुख पैशाने आले, की ज्या प्रकृतीने, शिक्षणाने आणि स्वभावाने पैसा आला त्यांनीच सुखही आणले, याचा निवाडा सहसा करता येत नाही. लॉटरीत मात्र सारखीच तिकिटे घेतलेल्या दोघांपैकी एकाला बक्षीस लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, हे निव्वळ यदृच्छेने घडते. म्हणूनच त्यांच्या पुढील आयुष्यात जो फरक पडतो, तो पैशानेच पडला असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध अभ्यास फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. इलिनॉय राज्याच्या लॉटरीतील २२ विजेते आणि तितकेच सामान्य नागरिक यांना त्यांनी आपले सुख ० ते ५ या मापावर सांगण्यास सांगितले. विजेत्यांची सरासरी ४ आली, तर इतरांची ३.८२, म्हणजे फरक नगण्य. मित्राशी गप्पा मारणे, सकाळची न्याहारी करणे, विनोद ऐकणे, मासिक वाचणे अशा नित्याच्या गोष्टींतून किती आनंद मिळतो, असे विचारले तेव्हा तर विजेते ३.३३ वर राहिले आणि बक्षीस न लागलेले लोक त्यांच्या पुढे गेले. त्यावरून असा सिद्धान्त मांडला गेला की मनुष्य सुस्थितीला लवकरच सरावतो आणि एका अपूर्व क्षणाच्या तुलनेत दैनंदिन आनंद त्याला फिके वाटू लागतात. मात्र अवघ्या २२ विजेत्यांवर एवढ्या मोठ्या सिद्धान्ताचा भार टाकणे धाडसाचेच होते.

पुढे एरिक लिंडक्विस्ट, रॉबर्ट ऑस्टलिंग आणि डेव्हिड सेसारिनी यांनी स्वीडनमधील तीन हजारांहून अधिक लॉटरी खेळणाऱ्यांची, सोडतीनंतर ५ ते २२ वर्षांनी, पाहणी केली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठी बक्षिसे मिळालेल्यांचे आयुष्याविषयीचे समाधान वाढलेले होते आणि दशक उलटून गेल्यावरही ते ओसरलेले नव्हते. क्षणोक्षणीच्या आनंदावर आणि मानसिक स्वास्थ्यावर झालेला परिणाम मात्र त्या मानाने बराच अल्प होता. स्वीडनमधील अशाच दुसऱ्या अभ्यासात असेही आढळले की बहुतेकांनी कामधंदा सोडला नाही. त्यांची वार्षिक कमाई बक्षिसाच्या रकमेच्या सुमारे १ टक्क्यानेच घटली. पैसा उधळून मोकळे होणारे लोक वर्तमानपत्रांत झळकतात. तो जपून, वर्षानुवर्षे पुरवून वापरणाऱ्यांची बातमी होत नाही.

याचा अर्थ धोका नाही, असा मात्र नव्हे. फ्लोरिडा राज्यातील विजेत्यांची नावे नादारीच्या दफ्तराशी ताडून पाहणाऱ्या संशोधकांना २०११ मध्ये असे दिसले की ५० हजार ते दीड लाख डॉलर मिळालेल्यांमध्ये, किरकोळ बक्षीस मिळालेल्यांच्या मानाने, पहिल्या दोन वर्षांत नादारीचे अर्ज कमी झाले, पण तिसऱ्या ते पाचव्या वर्षांत तितकेच वाढले. म्हणजे संकट टळले नाही, केवळ त्याची मुदत वाढली. बक्षिसाची रक्कम सर्वसाधारणपणे विनातारण कर्जे फेडण्यास पुरेशी होती. तरीही नादार झालेल्यांनी ना कर्ज फेडले, ना मिळकत उभी केली.

याची उपपत्ती नोबेल पारितोषिकाचे मानकरी रिचर्ड थेलर यांच्या विवेचनात सापडते. रुपयाचे मोल सर्वत्र एकच असले तरी मनुष्य मनातल्या मनात निरनिराळी खाती मांडतो. घामाचा पैसा एका खात्यात आणि आयता आलेला दुसऱ्यात, आणि या दुसऱ्या खात्यातून खर्च करताना त्याचा हात आखडत नाही. कर्ज काढून संसार रेटण्याची सवय ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला एकरकमी पैसा मिळाल्याने ती सवय सुटत नाही. तिला केवळ काही काळ अवसर मिळतो.

हा विचार आपल्याकडे केवळ महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या तिकिटापुरता नाही. महामार्गासाठी जमीन संपादित झालेल्या शेतकऱ्याला मिळणारा मोबदला, सेवानिवृत्ताच्या हाती येणारे उपदान आणि भविष्यनिर्वाह निधी, ही सर्व एकरकमी हाती येणारीच धने आहेत आणि ती ज्यांना मिळतात त्यांनी त्यासाठी नशीब आजमावलेले नसते. १९६८ पासून सोडती काढणाऱ्या केरळ सरकारच्या लॉटरी खात्याने मोठ्या विजेत्यांसाठी अर्थनियोजनाचे प्रशिक्षण सुरू केले आहे. भूसंपादनाचा मोबदला वाटणाऱ्या आपल्या कचेऱ्यांनीही धनादेशाबरोबर असे निःपक्षपाती मार्गदर्शन द्यावे. ज्याच्या हाती अशी रक्कम येईल त्याने प्रथम कर्जे फेडावीत, उरलेली रक्कम सुरक्षित ठेवीत गुंतवावी आणि निदान सहा महिने कोणालाही शब्द देऊ नये, कोणताही मोठा व्यवहार करू नये. अकस्मात आलेले धन सावकाश वापरले, तर ते टिकते आणि समाधानही देते.