उमेदवार कोण ठरवतो?

मत आमचे, पण उमेदवार दुसऱ्याने ठरवलेला. अशा मताला आम्ही अर्धेच मत म्हणतो. अमेरिकेकडे पाहा. १९६४ साली नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणारे गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार झाले आणि कृष्णवर्णीय मतदार त्या पक्षापासून दुरावले. उमेदवार ठरतो, तिथेच धोरण ठरते! त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिसिसिपीचे सगळे अधिकृत प्रतिनिधी गोरे होते. फॅनी लू हॅमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना आव्हान दिले. पक्षाने दोन जागा देऊ केल्या. त्यांनी ते तुकडे नाकारले. १९६८ साली हम्फ्री प्राथमिक निवडणुका न लढवताच उमेदवार झाले. असंतोष भडकला, नियम बदलले. १९७२ पासून बहुसंख्य प्रतिनिधी मतदारांच्या कौलाने निवडले जाऊ लागले. हा हक्क नेत्यांनी दिला नाही. तो झगडून घ्यावा लागला.