झॉम्बी आले तर आपण काय करणार?

मित्रहो, हसू नका. अमेरिकेतल्या अटलांटा इथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, मे २०११ मध्ये झॉम्बींना तोंड कसं द्यायचं यावर खरोखरच एक लेख काढला. झॉम्बी म्हणजे सिनेमातली चालती-फिरती प्रेतं. ती येणार नाहीत, हे केंद्रालाही ठाऊक होतं. पण वादळाच्या तयारीचं पत्रक कोण वाचतं? झॉम्बींचं लोकांनी वाचलं. आणि यादी तीच होती : माणशी रोज सुमारे ३.८ लिटर पाणी, टिकाऊ अन्न, औषधं, कागदपत्रं. शिवाय भेटायच्या दोन जागा, एक घराबाहेर, एक वस्तीबाहेर.

आता या जागांचं बघा. पाणी एकट्याला साठवता येतं; भेटायची जागा एकट्याने ठरवून काय उपयोग? आपण बसतो स्वतःचा जीव वाचवायचा आराखडा करायला, आणि पहिल्याच ओळीत अडतो : ‘माणशी’ म्हणजे किती माणसं? वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी त्यात धरल्या का? सत्तरी ओलांडलेल्या आम्हाला हा प्रश्न जरा जास्तच जवळचा वाटतो. जिना उतरताना कुणाचा तरी हात आम्हाला लागणारच. तेव्हा घरी गेल्यावर यादी जरूर करा. पण आधी नावं लिहा, मग लिटर.