न बोलावलेले पाहुणे

घरातला कॉम्प्युटर बिघडला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुणी काय दाबलं?" आणि उत्तर मिळायच्या आधीच सगळ्यांच्या नजरा आईकडे, नाहीतर सुनेकडे वळलेल्या असतात. मुलगा दिवसभर गेम्स उतरवतो, यजमान क्रिकेट बघायला कुठकुठल्या साइटवर फिरून येतात, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मग बाईच धसका घेते. "नको गं बाई, आपण हातच नको लावायला!" मैत्रिणींनो, कॉम्प्युटर दुरुस्त होतो हो, पण हा धसका लवकर जात नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींचं असंच झालं. त्या बचत गटाच्या सचिव. बँकेला गटाचा हिशेब पीडीएफ करून हवा होता. त्यांनी इंटरनेटवर शोधलं, मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण दिसलं, ते दाबलं आणि पुढे 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेल्या. पीडीएफ झाली, पण दुसऱ्या दिवशी इंटरनेट उघडलं की भलतंच पान समोर. कोपऱ्यात जाहिराती. शिवाय एक खिडकी सारखी ओरडत होती, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो चुका आहेत, पैसे भरा." दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." त्यात गटाचे तीन वर्षांचे हिशेब आणि लेकीच्या लग्नाचे फोटो! वहिनी रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. "ताई, मी फक्त पीडीएफ करत होते हो."

यात वहिनींचा दोष काय? फुकट सॉफ्टवेअर देणारे अनेकजण दुसऱ्याचं सॉफ्टवेअर सोबत चिकटवून देतात, कारण प्रत्येक कॉम्प्युटरमागे त्यांना पैसे मिळतात. 'होय' ची खूण आधीच करून ठेवलेली असते. आपण 'नेक्स्ट' म्हटलं की आपण संमती दिली, असा त्यांचा हिशेब. नामांकित सॉफ्टवेअरही याला अपवाद नव्हतं. जावा अपडेट करताना कित्येक वर्षं 'आस्क टूलबार' असाच घरात शिरायचा. शेवटी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या जुन्या आवृत्त्या नको असलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत टाकल्या.

आम्ही दोघींनी दुपारची कामं आटोपल्यावर बैठक मारली. आधी फोटो आणि हिशेबाच्या फाइल पेन ड्राइव्हवर घेतल्या. इंटरनेटवरून उतरवलेलं सॉफ्टवेअर मात्र त्यात घ्यायचं नाही, नाहीतर पाहुणा पुन्हा पिशवीतून घरात!

मग 'सेटिंग्ज'मध्ये 'अ‍ॅप्स' उघडलं. विंडोज ११ मध्ये 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' आणि विंडोज १० मध्ये 'अ‍ॅप्स अँड फीचर्स' अशी यादी असते. ती तारखेप्रमाणे लावून घ्यायची. त्रास सुरू झाला त्या दिवशी काय काय आलं, ते लगेच कळतं. वहिनींकडे एका पीडीएफसोबत तिघं आले होते! त्या नावांवर 'अनइन्स्टॉल' करायचं. काढताना ही मंडळी गयावया करतात. 'ठेवा' चं बटण मोठं आणि 'काढा' चं बारीक असतं, तेव्हा वाचून दाबा. पण अनोळखी दिसलं म्हणून जुनं काही उडवू नका. 'रियलटेक' काढलंत तर आवाजच बंद व्हायचा.

एवढ्याने जाहिराती थांबतातच असं नाही, कारण काही पाहुणे ब्राउझरमध्ये दडतात. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'एक्स्टेन्शन्स' असतं. तिथलं आपण न घेतलेलं काढून टाका. मग सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'साइट सेटिंग्ज' आणि त्यात 'नोटिफिकेशन्स' बघा. कोपऱ्यातल्या जाहिराती बऱ्याचदा इथूनच येतात, कारण कधीतरी कुठल्या साइटला 'अलाऊ' म्हटलेलं असतं. तरीही भलतं पान उघडत असेल, तर 'रीसेट सेटिंग्ज' करा. साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क त्याने जात नाहीत.

शेवटी 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'फुल स्कॅन' लावा. विंडोज १० आणि ११ मध्ये हे आधीपासूनच आहे, वेगळे पैसे नाहीत. वेळ मात्र बराच लागतो, तोवर भाकऱ्या होतात. त्यातच 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये नको असलेली अ‍ॅप्स अडवण्याची सोय आहे, ती चालू करून ठेवा. भारत सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र'ही २०१७ पासून अशी साफसफाईची साधनं मोफत देतं.

एक धोका मात्र वेगळा. पडदाभर लाल इशारा येतो, भोंगा वाजतो आणि "या नंबरवर फोन करा" असं लिहिलेलं असतं. फोन अजिबात करू नका! मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ब्राउझर बंद करा, होत नसेल तर कॉम्प्युटरच बंद करा. कुणाला कॉम्प्युटरचा ताबा दिला असेल, तर आधी इंटरनेट तोडा आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आणि खरं सांगू का, आपण जे शोधायला जातो ते बऱ्याचदा घरातच असतं. पीडीएफ हवी? 'प्रिंट' म्हणा आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' किंवा 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. मराठी टाइप करायचंय? विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे. बाहेरून काही आणायचंच असेल, तर ते बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरून घ्या आणि 'एक्सप्रेस'ऐवजी 'कस्टम' निवडून नको त्या खुणा काढा. भाजी घेताना जुडी उलटून बघतोच ना आपण, तसंच!

वहिनींचे फोटोही वाचले आणि हिशेबही. फॉरमॅटची गरजच पडली नाही. परवा गटातल्या दोघीजणी त्यांच्याकडे पीडीएफ कशी करायची ते शिकायला आल्या होत्या. माउस वहिनींच्याच हातात होता.