टाळ्या, थाळ्या आणि पायपीट

कोरोनाच्या साथीत राज्यकर्ते कसे वागले? त्या वेळच्या जनमत-चाचण्यांत तर पंतप्रधानांची लोकप्रियता वाढलेली दिसत होती! २२ मार्च २०२० रोजी थाळ्या वाजल्या. आमच्या वस्तीतही वाजल्या, खोटे कशाला बोला? दोनच दिवसांनी रात्री आठला पंतप्रधान बोलले आणि अवघ्या चार तासांत देश बंद झाला. हातावर पोट असणाऱ्याने करायचे काय? तो गावाकडे चालू लागला. त्याचे मत त्याने पायांनीच नोंदवले. ८ मे रोजी पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या.

आंबेडकरी जनतेने त्या वर्षी शिस्त पाळली. १४ एप्रिलला मिरवणूक नाही, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गर्दी नाही. घरातच बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील घेतले. झाडू घेऊन रस्त्यावर मात्र आपली माणसे रोज होती.

सप्टेंबरमध्ये संसदेत प्रश्न आला : घरी परतताना किती मजूर दगावले? कामगार मंत्रालयाचे उत्तर होते, अशी नोंदच नाही. आमच्या विहारात एक वही आहे. साथीत गेलेल्या वस्तीतल्या माणसांची नावे बायकांनी विचारून विचारून तिच्यात लिहिली आहेत.